ज्या, मौर्वी आणि बांबूची साल : डहाणू-तलासरी परिसरातील धनुष्याच्या दोरीचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शालेय भूमितीत वर्तुळावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडास 'जीवा' म्हणतात. प्राचीन भारतीय गणितात आजच्या 'साइन'साठी 'ज्या' हा शब्द रूढ होता. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ धनुष्याची दोरी असाच आहे. वर्गात हे शब्द हजारो वेळा उच्चारले जातात. परंतु ती दोरी कशाची होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इतिहासलेखनाचीही स्थिती फारशी वेगळी नाही. आदिवासी समाजाविषयीच्या लेखनात धनुष्यबाण वारंवार येतो, पण तो बहुधा शौर्याचे, स्वातंत्र्याचे किंवा 'आदिम' जीवनाचे चिन्ह म्हणून येतो. त्याच्या घडणीची चर्चा झालीच तर ती लाकूड आणि बाणाच्या फाळापाशी थांबते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे तालुके या दृष्टीने विशेष लक्ष देण्याजोगे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडिया, दुबळा, कातकरी अशा समाजांची येथे वस्ती आहे. पूर्वेकडे जव्हारचा डोंगराळ भाग, उत्तरेकडे दादरा-नगर हवेली, धरमपूर आणि पुढे डांग असा हा सलग वनप्रदेश. १९६० साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तत्कालीन उंबरगाव तालुक्याचा काही भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या भागातून तलासरी हा स्वतंत्र प्रशासकीय घटक झाला. सीमारेषा कागदावर आली, तरी दोन्ही बाजूंचा बांबू, पळस आणि रुई तीच राहिली. प्रस्तुत लेखात या परिसराच्या संदर्भात धनुष्याच्या दोरीच्या द्रव्याची निवड कशी होत असे आणि त्या निवडीवर वनकायद्यांचा कोणता परिणाम झाला, याचा विचार केला आहे. ही निवड म्हणजे दारिद्र्यामुळे केलेली तडजोड नव्हती. ऋतू, वनस्पतीचे वय आणि धनुष्याचा प्रकार यांचे नेमके ज्ञान तिच्यामागे होते, आणि शास्त्रग्रंथांनी नोंदवलेले ज्ञानही बऱ्याच अंशी तेच होते, असे साधनांवरून दिसते.

न टिकणारे साधन

शस्त्रांच्या इतिहासात दोरी हा सर्वांत दुर्दैवी घटक होय. दगडी आणि लोखंडी फाळ उत्खननात सापडतात, अनुकूल परिस्थितीत लाकूडही टिकते, परंतु दोरी कुजते. १५४५ साली बुडालेल्या 'मेरी रोझ' या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांतून दीडशेहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण वर काढण्यात आले. त्यांच्यासोबत दोऱ्या मात्र टिकल्या नाहीत. याउलट आल्प्स पर्वतातील बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओत्सी' या मानवाच्या भात्यात वळलेली दोरी शाबूत होती आणि ती प्राण्याच्या स्नायुतंतूंची असल्याचे अलीकडील तपासणीत स्पष्ट झाले. बर्फाची साथ मिळाली म्हणून हा पुरावा उरला. उत्तर कोकणात चार महिने पाऊस आणि उरलेला काळ दमट हवा; येथे शंभर वर्षांपूर्वीची दोरीदेखील हाती लागणे कठीण.

चित्रे या बाबतीत फारसे साहाय्य करीत नाहीत. वारली भित्तिचित्रांत शिकारीचे प्रसंग विपुल आहेत. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेल्या या चित्रांत धनुष्य म्हणजे एक वक्र रेषा आणि दोरी म्हणजे एक सरळ रेषा. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (मृत्यू २०१८) यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या परंपरेतील चित्रांत धनुर्धराची शरीरस्थिती, ताणलेला हात आणि पळणारे जनावर यांची जाण विलक्षण आहे. रेषा मात्र बांबूची की वाखाची, हे सांगत नाही. चित्रकाराला ते सांगण्याची गरजही नव्हती. पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊकच होते. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टी लिहून ठेवल्या जात नाहीत, ही इतिहासाच्या अभ्यासकाची नेहमीचीच अडचण आहे.

ग्रंथांतील दोरी

सुदैवाने संस्कृत ग्रंथकारांनी दोरीकडे दुर्लक्ष केलेले नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणातील आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग ही चार द्रव्ये सांगितली आहेत. त्यानंतर लगेच ज्येसाठी सहा द्रव्यांची यादी येते : मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायु. यांपैकी अर्क म्हणजे रुई, शण म्हणजे ताग आणि वेणु म्हणजे बांबू. 'स्नायु' या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. आज आपण 'स्नायू' मांसपेशीला म्हणतो. येथे मात्र मांस हाडाला जोडणारा चिवट पांढरा तंतू अभिप्रेत आहे.

मूर्वेची ओळख हा वनस्पतितज्ज्ञांमधील जुना वाद आहे. नागफणीच्या पानांसारखी जाड, तलवारीच्या आकाराची पाने असणारी एक वनस्पती काहींच्या मते मूर्वा होय; तर काहींच्या मते रुईच्या कुळातील एक चिवट वेल. या वेलीच्या तंतूंपासून राजमहाल टेकड्यांतील पहाडी लोक धनुष्याच्या दोऱ्या करतात, अशी नोंद विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने केली होती. ओळख कोणतीही मानली, तरी मूर्वेची प्रतिष्ठा निर्विवाद आहे. मनुस्मृतीत उपनयनाच्या वेळी क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या ज्येची असावी असे सांगितले आहे आणि 'मौर्वी' हा शब्दच पुढे धनुष्याच्या दोरीचा पर्याय झाला. एका रानवेलीने क्षत्रियाच्या कमरेपर्यंत मजल मारली. ती रानातून खुडून आणणाऱ्यांची नावे मात्र कोणत्याही स्मृतीत नाहीत.

धनुर्वेदाच्या परंपरेतील नंतरचे ग्रंथ अधिक तपशिलात शिरतात. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत आणि वसिष्ठाच्या नावावर असलेल्या धनुर्वेदसंहितेत रेशमी दोरीला पहिला मान आहे. रेशीम नसेल तर हरिण, म्हैस इत्यादी प्राण्यांच्या तंतूंचा पर्याय दिला आहे. येथवर राजदरबारी धनुष्याचा विचार झाला. पुढे दोन सूचना येतात, त्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या आहेत. पक्व बांबूच्या सालीची दोरी करून ती रेशमी धाग्याने बांधावी, अशी दोरी दृढ व युद्धात सर्व कामांस योग्य असते, ही एक. रुईची साल भाद्रपद महिन्यात घ्यावी, ही दुसरी. पहिल्या सूचनेत वनस्पतीचे वय आहे, दुसरीत ऋतू आहे. बांबू आणि रुई हाताळल्याशिवाय असे नियम सुचत नाहीत. ते ग्रंथकाराने स्वतः शोधले असतील असे मानण्यापेक्षा, रानाशी रोजचा संबंध असलेल्यांकडून ते ग्रंथात आले असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

बांबूची पट्टी

मराठीत धनुष्याला 'कमठा' किंवा 'कामठा' आणि धनुष्यबाणाला मिळून 'तिरकमठा' म्हणतात. बांबूच्या चिरलेल्या पट्टीला 'कामटी' हा शब्द आहे. या दोन शब्दांतील नात्याचा निर्णय भाषाशास्त्रज्ञांनी करावा. वस्तूंमधील नाते मात्र उघड आहे. पश्चिम आणि मध्य भारतातील वनप्रदेशात, विशेषतः भिल्लांमध्ये, धनुष्याची कांबही बांबूची आणि दोरीही बांबूचीच असते. ('भिल्ल' हे नावच धनुष्यवाचक द्राविडी 'विल्' या शब्दावरून आले, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते.) ही दोरी वळलेली नसते. बांबूच्या बाहेरच्या सालीची अखंड, अरुंद पट्टी तासून गुळगुळीत करतात आणि तिच्या दोन्ही टोकांना वाखाचे किंवा सुताचे छोटे फास बांधून ते कांबीच्या टोकांत अडकवतात. बांबूची पट्टी सरळ ताण उत्तम सोसते, पण टोकाशी घट्ट वळवली तर चिरते. म्हणून फासापुरता वाख. धनुर्वेदातील बांबूची साल आणि तिला बांधणारा रेशमी धागा यांची येथे सहज आठवण होते. रेशमाच्या जागी वाख आला, एवढाच फरक.

या निवडीमागचे तर्कशास्त्र आधुनिक विज्ञानाच्या आधारे तपासता येते. बांबूच्या भिंतीत तंतूंचे जुडगे बाहेरच्या बाजूला दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. त्यामुळे सालीलगतच्या थराची ताणशक्ती सर्वाधिक असते. बाहेरच्या गुळगुळीत, मेणचट आवरणामुळे पाणी आत चटकन शिरत नाही. पेराच्या सांध्याशी तंतू वाकडे होतात आणि तेथेच पट्टी तुटण्याचा धोका असतो. चार-पाच फुटी कामठ्याच्या दोरीत असे तीन-चार सांधे येणारच. म्हणून लांब पेरांचा आणि सरळ वाढीचा बांबू निवडणे आणि सांधा सावकाश तासणे ही खरी कारागिरी. पक्वतेची अटही अशीच साधार आहे. पहिल्या वर्षाचा कोंब उंचीने पूर्ण वाढलेला असला तरी कोवळा असतो आणि वाळताना आकसतो. तंतूंना खरा कठीणपणा येण्यास तीन-चार पावसाळे जावे लागतात. कोकणात बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात आणि पावसाळा सरल्यावर तोडण्याची रीत आहे. चंद्राच्या कलांविषयी मतभेद होऊ शकतील, पण वाढीच्या हंगामानंतर बांबूतील पिष्टमय द्रव्याचे प्रमाण बदलते आणि त्यानुसार कीड कमी-अधिक लागते, हे मान्य झालेले आहे.

बांबूच्या पट्टीत एक दोष आहे, तो म्हणजे तिचे वजन. बाण सुटताना धनुष्याची शक्ती बाणासोबत दोरीलाही गती देण्यात खर्च होते. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धनुष्याच्या गतिशास्त्राचा अभ्यास केला. त्यानुसार दोरीच्या वस्तुमानाचा सुमारे एक-तृतीयांश भाग बाणाच्या वस्तुमानात मिळवल्यासारखा परिणाम होतो. दोरी सहा ग्रॅमची असेल तर बाण जणू दोन ग्रॅमने जड होतो. पंधरा ग्रॅमची असेल तर पाच ग्रॅमने. म्हणजे बांबूच्या दोरीने बाण किंचित मंद जातो. रेशमाचा आग्रह धरणाऱ्या दरबारी धनुर्धराला दूरचा नेम साधायचा होता, त्याला हा तोटा परवडणारा नव्हता. झाडीत वीस-पंचवीस पावलांवरून बाण सोडणाऱ्या माणसाला मात्र वेगाच्या या फरकापेक्षा, पावसात भिजूनही दोरी सैल होणार नाही ना, हीच चिंता अधिक. एकाच्या दृष्टीने जे उत्तम ते दुसऱ्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरू शकते. दोरीची प्रतवारी लावताना उपयोग विसरला की 'प्रगत' आणि 'मागास' अशी सोपी विभागणी जन्माला येते. वासाहतिक काळातील वर्णनांत तेच झाले.

दमट हवामानाचा प्रश्न केवळ आदिवासींपुरता नव्हता. शिंग, लाकूड आणि स्नायुतंतू सरसाने जोडून केलेले मोगली धनुष्य कोरड्या प्रदेशात अतुलनीय होते. पावसाळ्यात मात्र त्याचा सरस सैल पडण्याची भीती असे. हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये घडवली गेली, त्यामागील एक कारण हेच सांगितले जाते. शस्त्रागारात वर्षानुवर्षे ठेवण्यासाठी राजसत्तेने पोलाद वापरले; जंगलात राहणाऱ्याने बांबूची दोरी खराब झाली की नवी कापली. दोन्ही उपाय आपापल्या जागी योग्यच होते.

रुई, ताग आणि इतर वाख

रुईच्या तंतूची गोष्ट निराळी आहे. ही वनस्पती डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या माळापर्यंत पडीक जागी, रस्त्याकडेला, गावाच्या वेशीवर उगवते. तिच्या सालीतील तंतू बारीक, रेशमासारखा चकचकीत आणि वजनाच्या मानाने अतिशय बळकट असतो. धनुष्याच्या दोरीसाठी आणि मासे पकडण्याच्या दोरासाठी त्याचा भारतभर उपयोग झालेला आहे. परंतु तो मिळवणे कष्टाचे. ताग-अंबाडीप्रमाणे रुई पाण्यात कुजवत नाहीत. फांद्या एक-दोन दिवस उन्हात सुकवून साल सोलायची आणि हाताने एकेक तंतू वेगळा करायचा, अशी जुनी पद्धत; त्यातच डोळ्यांत गेला तर इजा करणारा चीक. एका दोरीपुरता वाख काढण्यात दिवस जाऊ शकतो. भाद्रपदाची अट येथे अर्थपूर्ण ठरते : पावसावर वाढलेल्या फांद्या तेव्हा लांब व सरळ असतात आणि ओलाव्यामुळे साल सहज सुटते. पुढे उन्हाळ्यात तीच साल लाकडाला घट्ट चिकटून बसते.

याखेरीज या वनांत मुरुडशेंग, आपटा, धामण यांच्या साली आणि पळसाच्या मुळ्या दोरासाठी उपयोगी पडतात. शेतात ताग व अंबाडी होते. या सर्वांचा वाख सारखा नसतो. गुरे बांधण्याच्या दाव्याला जाड, थोडा ताणला जाणारा दोर चालतो, किंबहुना तोच हवा असतो. धनुष्याच्या दोरीला ताण अजिबात परवडत नाही. म्हणून झोपडीचे वासे बांधणारा वाख धनुष्याला कामी येत नाही आणि धनुष्याचा वाख वासे बांधण्यात कोणी वाया घालवीत नाही. ताग, रुई यांसारखे वनस्पतिज तंतू ओले झाल्यावर दुबळे होत नाहीत. प्राण्यांचे स्नायुतंतू मात्र ओलाव्याने लांबतात. कौटिल्याच्या सहा द्रव्यांपैकी पाच वनस्पतिज आहेत, हे हिंदुस्थानच्या पावसाळी हवामानाकडे पाहता समजण्यासारखे आहे.

१८७८ : दोन कायदे

येथवरचे विवेचन तंत्राविषयी झाले. पण बांबू कितीही जाणकारीने निवडला तरी तो तोडण्याचा अधिकार असावा लागतो. १८७८ साली ब्रिटिश सरकारने दोन कायदे केले. त्या वर्षीच्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने, म्हणजे भारतीय वन कायद्याने, राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था आणली आणि 'वृक्ष' या संज्ञेच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू गवत आहे. कायद्यानुसार तो वृक्ष झाला. त्याच वर्षीच्या अकराव्या क्रमांकाच्या कायद्याने, म्हणजे शस्त्र कायद्याने, 'शस्त्र' या संज्ञेत बंदुका, तलवारी, भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणाचाही उल्लेख केला आणि शस्त्रांचे सुटे भागही व्याख्येत घेतले. एकाच वर्षात कामठ्याचा कच्चा माल वनखात्याच्या कक्षेत आला आणि तयार कामठा शस्त्रांच्या यादीत. दोन्ही कायदे करणाऱ्यांच्या मनात बांबूच्या दोरीचा विचार नव्हता. त्यांना सागाच्या उत्पन्नाची आणि १८५७ नंतरच्या बंदोबस्ताची चिंता होती. ज्याची कांब आणि दोरी दोन्ही बांबूची, त्याच्या बाबतीत मात्र हे कायदे एकमेकांना येऊन भिडले.

ठाणे जिल्ह्यात वनबंदीविरुद्धचा असंतोष इतका वाढला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. चर्चेच्या केंद्रस्थानी राबाचा, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेसाठी झाडांच्या फांद्या तोडून जाळण्याचा प्रश्न होता. तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता, म्हणून तो कागदावर आला. बांबूची एक कामटी हा कोणाच्याच अर्जाचा विषय होऊ शकत नव्हता. अशा लहान गोष्टींवरील बंधने अभिलेखागारात सापडत नाहीत. त्यांचा परिणाम वस्तू बदलण्यात दिसतो.

सावकारी, वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत यांनी या भागातील आदिवासींची जी अवस्था केली होती, ती सिमिंग्टन यांच्या १९३९च्या अहवालात नमूद आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे किसान सभेच्या परिषदेसाठी हजारो वारली जमले. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरीत आहे. त्याच वर्षाच्या १० ऑक्टोबरला तलवाडा येथील गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. त्यांत जेठ्या गांगड होते. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथातून या लढ्याची ओळख मराठी वाचकांना झाली. लढ्याचे खरे सामर्थ्य वेठीला दिलेल्या सामूहिक नकारात होते. भित्तिपत्रकांवर आणि सभांच्या व्यासपीठांवर धनुष्यबाण चिन्ह म्हणून झळकत राहिला, पण त्याच्या दोरीसाठी लागणारा बांबू मात्र कायद्याने अजून वृक्षच होता. के. जे. सावे यांचा 'द वारलीज' हा ग्रंथही नेमका १९४५ सालचा, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

नायलॉनची दोरी आणि उरलेले काम

१९२७च्या वन कायद्याने बांबूविषयीची व्याख्या तशीच पुढे चालवली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर बंदी आणली आणि कामठ्याचा मुख्य उपयोग संपुष्टात आला. वन्यप्राण्यांची घटती संख्या पाहता ही बंदी आवश्यकच होती. २००६च्या वनहक्क अधिनियमाने बांबूला गौण वनोपज मानून वननिवासींचा त्यावरील हक्क मान्य केला. २०१७ साली वन कायद्यातील दुरुस्तीने 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. बांबूला पुन्हा गवत होण्यास एकशे एकोणचाळीस वर्षे लागली.

दरम्यान बाजारातील सुतळी आणि नायलॉन घरोघर पोहोचले. नायलॉन स्वस्त आहे, कुजत नाही, कोणत्याही बाजारात मिळते. पण ते ताणले जाते. मासेमारीच्या जाळ्यात हा गुण ठरतो, धनुष्यात अवगुण. कांबीची शक्ती बाणाला मिळण्याऐवजी दोरीच्या लांबण्यात खर्च होते. लाकडी धनुष्यांसाठी जगभर आज पॉलिएस्टरची दोरी वापरतात, ती कमी ताणली जाणारी म्हणूनच. नायलॉन लावलेला कामठा दिसायला तसाच असतो, सभेत किंवा मिरवणुकीत मिरवायला पुरेसा असतो. त्यातून बाण मात्र पूर्वीसारखा जात नाही. धनुष्य चिन्ह म्हणून टिकले आणि साधन म्हणून मावळले, या स्थित्यंतराची साक्ष दोरीइतकी स्पष्टपणे दुसरे काहीच देत नाही.

जगभरच्या संग्रहालयांत जुन्या धनुष्यांना मागाहून नवी दोरी लावून ती मांडण्याची प्रथा आहे. नोंदवहीत लाकडाचा प्रकार, लांबी आणि प्राप्तीचे ठिकाण लिहिले जाते. दोरी मूळची की नवी, हा रकानाच नसतो. डहाणू व तलासरी येथील महाविद्यालयांतून वारली, कोकणा आणि कातकरी घरांतील विद्यार्थी आज मोठ्या संख्येने शिकतात. त्यांच्या क्षेत्रभेटींच्या प्रकल्पांत धनुष्याचे छायाचित्र हमखास असते. त्या छायाचित्राखाली चार गोष्टींची भर पडली पाहिजे : पट्टी कोणत्या बांबूची, तो किती पावसाळ्यांचा, कोणत्या महिन्यात तोडला आणि टोकाचा फास कोणत्या वाखाचा. या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या हातांनी दोरी केलेल्या पिढीकडेच आहेत, आणि ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे.